गणपतीला गावी निघताना मेलचं आपोआप उत्तर एकदा तपासून बघा

माननीय संपादक यांस,
स.न.वि.वि.

गणपती जवळ आले की तुमच्या पेपरात जादा गाड्यांची यादी येते, एसटीच्या ग्रुप बुकिंगचं येतं, कशेडीच्या बोगद्याचं आणि हायवेवरच्या खड्ड्यांचं येतं, आणि आमच्या घरी ते पान कापून फ्रिजवर लावलेलं असतं. ह्या वर्षी त्याच पानावर अजून एका गोष्टीला चार ओळी जागा द्या एवढी विनंती करायला हे पत्र लिहितोय. सुट्टीवर जाताना आपण मेलला आपोआप जाणारं उत्तर लावून जातो ना, "मी अमुक तारखेपर्यंत रजेवर आहे, तातडीचं असेल तर ह्यांना फोन करा" असं, त्याच्याबद्दल. विषय बारीक वाटेल पण गेल्या वर्षी ह्याच्यापायी एका म्हाताऱ्या माणसाला भर पावसात दोन फेऱ्या पडल्या आणि काम झालंच नाही, ते मी जवळून बघितलंय म्हणून लिहितोय.

मी देवगड तालुक्यात राहतो, आजूबाजूच्या पाच-सहा छोट्या ऑफिसांचे कम्प्युटर आणि मेल सर्व्हर बघतो. त्यातली एक बागायतदारांची संस्था आहे, नाव लिहीत नाही, चूक कोणा एकाची नव्हतीच. साधारण चाळीस मेलबॉक्स, पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉटवर (आलेला मेल मेलबॉक्समध्ये ठेवणारा प्रोग्राम) चालतात, आणि लोक ब्राउझरमध्ये राऊंडक्यूब उघडून मेल वाचतात. म्हणजे अगदी जगभर छोट्या ऑफिसांत असतं तेच सामान.

गेल्या वर्षी २७ ऑगस्टला, बुधवारी, गणपती बसले. संस्थेचं मुख्य ऑफिस तेव्हापासून गौरी-विसर्जनापर्यंत बंद, पण शुक्रवारी सकाळी १० ते १ दुसऱ्या शाखेत एक माणूस बसणार होता, ज्याचं अडलंय त्याच्यासाठी. हिशोब बघणाऱ्या ताईंनी हे सगळं नीट मराठीत लिहिलं, शाखा कुठे, वेळ काय, फोन कुठला, आणि ते ऑटो रिप्लायला लावून त्या मंगळवारी कुडाळला आपल्या घरी गेल्या. त्यांच्याकडून काही राहिलं नव्हतं. गुरुवारी रात्री ठाण्याहून गावी आलेल्या एका चाकरमान्याने संस्थेच्या हिशोब खात्याच्या पत्त्यावर मेल टाकला की वडलांच्या कर्जाचा निल दाखला, म्हणजे काही बाकी नाही असा, पाहिजे, उद्या आलो तर मिळेल का, रविवारी मला परत निघायचंय. उत्तर आलं नाही. ऑफिस बंद असतं तर तसं काहीतरी उत्तर आलं असतं, आलं नाही म्हणजे चालू असणार, असं त्याने धरलं आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. वडलांची सही लागणार म्हणून त्यांना घेऊन एसटीने दीड तास करून आला तर ऑफिसला कुलूप. दारावर चिठ्ठी होती पण पावसाने शाई पार उतरलेली. समोरच्या टपरीवाल्याने दुसऱ्या शाखेचं सांगितलं, तिथे रिक्षा करून पोचेपर्यंत दीड वाजला होता.

शनिवारी रात्री मी त्यांच्याच वाडीत भजनाला गेलो होतो, तिथे त्या चाकरमान्याचे बाबा भेटले. चिडलेले नव्हते, ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाले, "आमी मेल केललो रे बाबा, कोणी उत्तर देवक नाय. मगे त्या मेलाचो उपयोग काय?"

रविवारी गौरी यायच्या होत्या, घरात तेरडा आणायची गडबड, आणि मी खळ्याच्या ज्या कोपऱ्यात रेंज येते तिथे खुर्ची टाकून लॅपटॉप घेऊन बसलो. ते सगळं इथे जरा सविस्तर लिहितो कारण असंच कुठल्या तरी ऑफिसात ह्या वर्षीही होणार आहे आणि तिथल्या बघणाऱ्या मुलाला उपयोग होईल.

पहिलं मी माझ्या जीमेलवरून ताईंच्या स्वतःच्या पत्त्यावर मेल पाठवला. इनबॉक्समध्ये काहीच नाही. मला वाटलं त्यांचा नियमच बंद आहे. पण सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला तर तिथे स्पष्ट लिहिलेलं की उत्तर पाठवलं. मग जीमेलचा स्पॅम उघडला, तिथे ते पडलेलं. म्हणजे उत्तर जात होतं पण माणसाला दिसत नव्हतं. मग मी माझ्या दुसऱ्या मेल आयडीवरून त्या चाकरमान्याने केला तसाच मेल केला, हिशोब खात्याच्या पत्त्यावर, आणि ह्या वेळी इनबॉक्समध्ये नाही, स्पॅममध्येही नाही. परत लॉग. त्यात डव्हकॉटने लिहिलेलं की उत्तर टाकून दिलं, कारण हा मेल 'इम्प्लिसिटली डिलिव्हर्ड' आहे. सगळ्या गोष्टीचा उलगडा त्या दोन शब्दांत होता.

त्याचं असं आहे. हिशोब खात्याचा पत्ता हा खरा मेलबॉक्स नाही, ते टोपणनाव आहे, अलायस म्हणतात, त्याच्यावर आलेला मेल तीन जणांना वाटला जातो, त्यात ताई एक. आता ताईंच्या मेलबॉक्समध्ये तो मेल पोचला खरा, पण त्याच्या 'टू' मध्ये किंवा 'सीसी' मध्ये ताईंचा पत्ता कुठेच नाही, खात्याचा आहे. आणि ऑटो रिप्लायचा नियम सांगतो की ज्या मेलमध्ये माझा पत्ता लिहिलेलाच नाही त्याला माझ्या नावाने उत्तर द्यायचं नाही. हा नियम मूर्खपणाचा नाही, चांगला आहे. समजा ताई कुठल्या मोठ्या मेलिंग लिस्टवर आहेत आणि तिथे दिवसाला पन्नास मेल येतात, तर प्रत्येक लिहिणाऱ्याला "मी गणपतीला गावी आहे" असं जाऊ नये म्हणून ती अट घातलेली आहे. फक्त सर्व्हरला हे कळत नाही की खात्याचा पत्ता म्हणजेपण ताईच. ते आपण सांगायचं असतं. सीव्ह नावाची जी नियम लिहायची भाषा आहे तिच्या व्हेकेशन, म्हणजे सुट्टीच्या, नियमात 'अ‍ॅड्रेसेस' म्हणून जागाच दिलीये, राऊंडक्यूबच्या सुट्टीच्या पानावरपण आपले बाकीचे पत्ते भरायला रकाना आहे, आणि तो रकाना बहुतेक सगळे जण कोरा सोडतात कारण त्याचं महत्त्व कोणी सांगितलेलं नसतं. ताईंनीपण सोडला होता. मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते माझं काम होतं.

ताईंना फोन लावला, तुमच्या नियमात खात्याचा पत्ता घालू का विचारलं, त्या म्हणाल्या घाल बाबा घाल. घातला. परत पहिल्या जीमेलवरून खात्याच्या पत्त्यावर मेल केला. उत्तर नाही. आणि इथे माझे दोन तास गेले. पत्ता नीट टाईप केलाय का बघितलं, नियम सेव्ह झालाय का बघितलं, डव्हकॉट बंद करून चालू केलं, घरातून जेवायला हाका मारतायत आणि मी जुन्याच जागी शोधत बसलोय. शेवटी लॉगची शेवटची ओळ नीट वाचली, ह्या वेळी कारण वेगळं होतं, 'डुप्लिकेट'. म्हणजे ह्या माणसाला हे उत्तर आधीच एकदा दिलंय, परत देणार नाही. सकाळी ताईंच्या स्वतःच्या पत्त्यावर पहिली चाचणी केली तेव्हा जे उत्तर स्पॅममध्ये गेलं होतं, त्याची सर्व्हरने नोंद ठेवलेली. एकाच माणसाला तेच उत्तर परत परत जाऊ नये म्हणून सर्व्हर काही दिवस लक्षात ठेवतो, डव्हकॉटमध्ये आपण काही बदललं नाही तर ७ दिवस. पत्ते बदलल्याने ती नोंद पुसली जात नाही कारण उत्तर तेच राहतं. पण उत्तराचा मजकूर किंवा विषय बदलला तर सर्व्हर ते नवीन उत्तर धरतो. म्हणून मी मजकुराच्या शेवटी एक टिंब जास्त टाकलं आणि मेल केला, तर सेकंदात उत्तर हजर. जे कोणी हे काम करतात त्यांनी हे टिंबाचं लक्षात ठेवा नाहीतर दर चाचणीला नवीन मेल आयडी वापरा, दुरुस्त झालेली गोष्ट बिघडलेली समजून लोक भलतंच काहीतरी मोडून ठेवतात.

आता स्पॅमचं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने जीमेलला मेल पाठवणाऱ्या सगळ्यांना एसपीएफ (आपल्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवायचा ह्याची जाहीर नोंद) किंवा डीकेआयएम (सर्व्हरने मेलवर केलेली डिजिटल सही) लावा असं सांगितलंय, दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना तर दोन्ही. आमच्याकडे दोन्ही होतं. माणसाने हाताने पाठवलेला मेल जीमेलला व्यवस्थित इनबॉक्समध्ये जायचा. मग आपोआप उत्तरच स्पॅममध्ये का? कारण ते वेगळ्या दारातून बाहेर पडतं. माणूस मेल पाठवतो तो एसएमटीपीने, म्हणजे मेल पाठवायच्या नेहमीच्या वाटेने, पोस्टफिक्सकडे येतो आणि तिथे त्याच्यावर डीकेआयएमची सही होते. पण व्हेकेशनचं उत्तर डव्हकॉट स्वतः तयार करतो आणि आमच्या मांडणीत ते सेंडमेल नावाच्या कमांडमधून पोस्टफिक्सच्या हातात आतल्या आत द्यायचा. त्या वाटेने आलेल्या मेलला सही करायची असेल तर पोस्टफिक्सच्या सेटिंगमध्ये नॉन-एसएमटीपीडी-मिल्टर्स ही ओळ वेगळी भरावी लागते. आमची कोरी होती. म्हणजे इतकी वर्षं आमच्या संस्थेचं प्रत्येक ऑटो रिप्लाय बिनसहीचं जात होतं.

आणि एसपीएफ? त्यात अजून एक बारकावा आहे. कागदाच्या पत्राला जसं आतलं पत्र वेगळं आणि लिफाफा वेगळा, तसंच ईमेललापण असतं. आपोआप उत्तराच्या लिफाफ्यावर पाठवणाऱ्याची जागा मुद्दाम कोरी ठेवतात, म्हणजे ते उत्तर पोचलं नाही तर "पोचलं नाही" असं सांगणारा मेल परत यायला पत्ताच राहत नाही आणि दोन मशीन एकमेकांना कळवत बसत नाहीत. पण लिफाफा कोरा असला की समोरचा सर्व्हर एसपीएफ आपल्या डोमेनचं तपासत नाही, आपल्या सर्व्हरने ओळख सांगताना जे नाव घेतलं त्या नावाचं तपासतो. त्या नावाला आम्ही एसपीएफची नोंदच केलेली नव्हती. ती केली, मिल्टरची ओळ भरली, आणि संध्याकाळी चार वेगवेगळ्या ठिकाणांहून मेल करून बघितले, चारी उत्तरं इनबॉक्समध्ये. तोपर्यंत गौरी घरात आल्या होत्या.

ह्याच शोधात अजून एक गोष्ट सापडली. बुधवारी पहाटे दोन वाजता आलेल्या एका मेलला उत्तर गेलं नव्हतं, ताईंच्या नियमात तर बुधवार तारीख होती. कारण निघालं सर्व्हरच्या घड्याळात. आमचा सर्व्हर आधी ऑफिसातच एका कपाटात होता. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याने वर गेलं तेव्हा लाईट गेली ती दिवसचे दिवस आली नाही, आणि समोरचा सर्व्हर न पोचलेला मेल साधारण ५ दिवस धरून ठेवतो, पोस्टफिक्समध्ये तेवढंच असतं, मग परत पाठवून देतो. आमचे बरेच मेल तसे परत गेले. म्हणून आम्ही नंतर भाड्याचं मशीन घेतलं, ते भाड्याचं मशीन यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, घड्याळावर चालतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे बुधवारी सुरू करायचं उत्तर आपल्या पहाटे साडेपाचला सुरू व्हायचं आणि शेवटच्या दिवसानंतरसुद्धा दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचपर्यंत जात राहायचं. सीव्हच्या तारखेच्या नियमात झोन लिहिता येतो, अधिक ०५३०, तो लिहिला की झालं. आमच्याकडे रात्री दोनला मेल कोण करतं असं कोणी म्हणेल, पण गावी निघालेला माणूस ट्रेनमध्ये जागाच असतो, तेव्हाच त्याला राहिलेली कामं आठवतात.

दोन मशीन एकमेकांना कळवत बसतात म्हटलं ते मी दुसऱ्या एका ऑफिसात प्रत्यक्ष बघितलंय. तिथे व्हेकेशनचा नीट नियम नव्हता, कोणीतरी खूप वर्षांपूर्वी एक स्क्रिप्ट लिहून दिलेली होती, आलेल्या प्रत्येक मेलला उत्तर, कोणी पाठवलाय बघायचं नाही, आधी दिलंय का बघायचं नाही. एका दिवाळीत समोरून तक्रार नोंदवणाऱ्या सिस्टीमचा मेल आला, "आपला निरोप मिळाला". स्क्रिप्टने उत्तर दिलं, आम्ही सुट्टीवर आहोत. त्या सिस्टीमला वाटलं नवीन निरोप आला, तिने परत पोच दिली. रात्रभर हे चाललं आणि सकाळी मेलबॉक्स भरून खरे मेल परत जायला लागले होते. आणि त्याच स्क्रिप्टमध्ये मजकूर कुठल्या अक्षरमांडणीत आहे हे सांगणारी ओळ नव्हती, त्यामुळे मराठीत लिहिलेलं सगळं समोर प्रश्नचिन्हं आणि चौकोन होऊन दिसायचं. तेव्हा तिथल्या साहेबांनी ठरवून टाकलं की ऑटो रिप्लायमध्ये मराठी चालत नाही, इंग्रजीतच लिहा. चालतं हो. अगदी छान चालतं. मजकूर यूटीएफ-८ ह्या अक्षरमांडणीत आहे असं हेडरमध्ये लिहिलं आणि विषयाची ओळ नीट एन्कोड केली की देवनागरी जशीच्या तशी जाते, आणि सीव्हचा व्हेकेशन नियम हे आपणहून करतो. आपल्या गावच्या माणसाला आपल्या भाषेत उत्तर जाऊ नये ह्याचं काही कारण नाही, एका जुन्या स्क्रिप्टमुळे तर नाहीच.

ह्या सगळ्यावर जगात कोणी विचार केला नाही असंही नाही, उलट भरपूर केलाय. सुट्टीचं उत्तर देणारा व्हेकेशन नावाचा प्रोग्राम एरिक ऑलमन यांनी १९८३ मध्ये बर्कलीत लिहिला, तेच ज्यांनी सेंडमेल हा मेल सर्व्हर लिहिला, आणि एकाच माणसाला आठवड्यातून एकदाच उत्तर ही शिस्त त्या प्रोग्रामपासून चालत आलीये. ऑगस्ट २००४ मध्ये आरएफसी ३८३४ आली (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे संकेत लिहून ठेवलेली टिपणं), कीथ मूर यांची, ती अख्खी ह्याच विषयावर आहे की आपोआप उत्तराने कसं वागावं. उत्तरावर 'ऑटो-सबमिटेड' असा शिक्का मारा म्हणजे समोरच्याला कळेल हे यंत्राने लिहिलंय, आणि ज्याच्यावर तो शिक्का आहे त्याला उलट उत्तर देऊ नका. लिफाफा कोरा असेल त्याला देऊ नका. जानेवारी २००८ च्या आरएफसी ५२३० मध्ये सीव्हचा व्हेकेशन नियम आला, त्यात हे सगळं गुंफलेलं आहे. म्हणून माझं सगळ्या छोट्या ऑफिसांना कळकळीचं सांगणं आहे, घरी लिहिलेल्या स्क्रिप्ट काढून टाका. वापरायला तयार आणि चांगली वस्तू फुकट आहे.

एक अजून, सर्व्हर बघणाऱ्यांसाठी. स्पॅम बाजूला काढल्यानंतरच व्हेकेशनचा नियम चालला पाहिजे. स्पॅमवर पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाचा तरी चोरलेला असतो, त्याला उत्तर दिलं की ते त्या बिचाऱ्या तिसऱ्याच माणसाकडे जातं आणि आपल्या सर्व्हरचं नाव काळ्या यादीत जाऊ शकतं.

आता जे साधे वाचक आहेत, ज्यांचा सर्व्हरशी काही संबंध नाही, मुंबई-पुण्याला नोकरी करतात आणि जीमेल किंवा ऑफिसचं आऊटलुक वापरतात, त्यांनी काय करायचं ते लिहितो. जीमेलमध्ये पहिला दिवस सुरू होतो त्या रात्री बारापासून शेवटचा दिवस संपतो त्या रात्री बारापर्यंत उत्तर जातं आणि त्याच माणसाला परत गेलंच तर चार दिवसांनी जातं, म्हणून स्वतःची चाचणी करताना पहिल्यांदा आलं आणि दुसऱ्यांदा आलं नाही तर घाबरू नका. ऑफिसच्या एक्स्चेंजवर, म्हणजे आऊटलुकमागच्या मेल सर्व्हरवर, आतल्यांसाठी वेगळा आणि बाहेरच्यांसाठी वेगळा मजकूर असतो, बरेच जण आतलाच भरतात आणि बाहेरचा गिऱ्हाईक वाट बघत राहतो, तेवढं बघा. शेवटची तारीख घालाच. शिमग्याला लावलेलं उत्तर आंब्याच्या सीझनपर्यंत चालू राहिलेलं मी बघितलंय, आणि त्या सीझनमध्ये आठवडाभर उत्तर नाही म्हणजे गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं.

आणि मजकुरात काय लिहू नये तेही महत्त्वाचं आहे. "आम्ही सगळे दहा दिवस गावी आहोत" असं लिहू नका. तुम्ही ते ओळखीच्यांना लिहिता पण उत्तर अनोळखी माणसालासुद्धा जातं, आणि तुमच्या मेलच्या खाली सहीत ठाण्याच्या नाहीतर विरारच्या घराचा पत्ता असेल तर घर बंद आहे ही बातमी तुम्हीच वाटत सुटलात. मी अमुक तारखेपासून परत कामावर आहे, तोपर्यंत ह्या माणसाशी बोला, एवढं पुरे. ज्याचं नाव घालताय त्याला आधी विचारा आणि त्या दिवशी तो खरंच फोन उचलणार आहे ना ते बघा. आमच्या संस्थेत आम्ही आता नाव न घालता शाखेचा फोन आणि वार-वेळ घालतो, कारण माणूस आयत्या वेळी आजारी पडतो, शाखा पडत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी घरातल्या कोणाच्या तरी मेलवरून, बायकोच्या, भावाच्या, आपल्या ऑफिसच्या पत्त्यावर एक मेल करा आणि उत्तर कुठे आलं बघा, स्पॅमपण उघडा. तुमच्या खात्याला वेगळा सामायिक पत्ता असेल तर त्याच्यावरही करा. लोक तुम्हाला ज्या पत्त्यावर लिहितात त्या पत्त्यावर करून बघा, तुम्हाला जो सोपा त्याच्यावर नको.

त्या चाकरमान्याचा निल दाखला गौरी-विसर्जनानंतर बुधवारी तयार झाला, तो तोपर्यंत ठाण्याला गेलेला, मग ताईंनी स्कॅन करून पाठवला आणि मूळ कागद बाबांच्या घरी नेऊन दिला. ह्या वर्षी मी जुलैतच संस्थेतल्या सगळ्यांना एकत्र बसवून प्रत्येकाचा नियम उघडून बघितला, सात जणांचे पत्त्यांचे रकाने कोरे होते. ते भरले. परवा त्या चाकरमान्याला मी फोन करून मुद्दाम सांगितलं की खात्याच्या पत्त्यावर एक मेल टाक, चाचणीसाठी ताईंचं उत्तर एका तासापुरतं चालू केलं होतं. त्याला उत्तर पोचलं, मराठीत, इनबॉक्समध्ये, आणि त्याने ते बाबांना फोनवर वाचून दाखवलं.

ह्या वर्षी गणपती १४ सप्टेंबरला, सोमवारी आहेत, म्हणजे बरेच जण शुक्रवारी ११ तारखेला ऑफिस सुटल्यावर तसेच स्टेशनला पळणार. तुम्ही हे छापणार असाल, अख्खं नाही तरी शेवटचा चाचणीचा भाग, तर कृपया त्याच्या दोन दिवस आधी छापा, निदान गुरुवारी तरी लोकांच्या हातात पडू दे.

आपला,
एक वाचक, तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग